उंबऱ्याआतली इंग्रजी

आप्पा, तुमच्या घरात इंग्रजी शिरली. मागच्या दारानं चोरून नव्हे, पुढच्या दारानं, दिवसाउजेडी, आणि दार मीच उघडलं. आता रागवायचं तर रागवा. तुम्हांस जाऊन इतकी वर्षं झाली की रागवायला म्हणून तरी आलात तर मज आनंदच आहे. कॉफी करीन, तुम्हांस लागते तशी, साखर कमी आणि वाटी पितळेची. पण आधी सगळं ऐकून घ्या, मग तोंड उघडा. जिवंतपणी तुम्ही मधेच तोडल्याशिवाय कुणाचं ऐकलं नाहीत. आता तुम्हांस दुसरं काम तरी काय आहे.

अक्षर बघून हसू नका. हे तुमचंच अक्षर आहे. शाळेत मी गेले तिसरीपर्यंत, ती तमिळ शाळा. बाळबोध अक्षरं तुम्ही शिकवलीत, विड्याच्या चुन्यात बोट बुडवून, माजघराच्या लाल फरशीवर. ओला असताना क दिसायचा नाही, वाळला की पांढरा उठून यायचा, जणू आतूनच आला. आई ओरडायची, आत्ताच पुसली होती जमीन. चुन्यात शिकलेली बाई पेननं कसं लिहिणार, म्हणून माझ्या ओळी अशा ओघळतात. परवा गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात पुण्याकडची एक बाई भेटली. मी म्हटलं, 'मज वाट द्या, बाई.' ती थांबून बघायलाच लागली. म्हणाली, 'आजी, तुम्ही अशा कशा बोलता? आमच्याकडं असं जुन्या कागदांत असतं फक्त.' मी म्हटलं, 'आमच्याकडं, तंजावराकडं, स्वयंपाकघरात असतं.' मग ती हसली, मीही हसले, तिनं माझा फोटो काढला. मी काय देऊळ आहे फोटो काढायला? पण बरं वाटलं, खोटं का सांगू.

तर तुमचा नियम. तो कुठं लिहिलेला नव्हता, पण या घरात मुंगीलाही ठाऊक होता: चपला बाहेर, तमिळ बाहेर. पुढच्या ओट्यावर, तिण्णैवर बसून तुम्ही विड्याच्या पानांच्या गिऱ्हाइकांशी, गाडीवाल्यांशी अशी तमिळ बोलायचा की परक्यास शंका येऊ नये. उंबरा ओलांडलात की आवाजच बदलायचा, जरा खाली यायचा, दमून बसल्यासारखा. मी लहान होते तेव्हा एकदा देवळाचा हत्ती गल्लीत आला. मी तमिळमध्ये ओरडत आत धावले, थेट तुमच्या ताटापर्यंत. तुम्ही घास हातात तसाच धरलात आणि म्हणालात, 'मागं जा. परत ये.'

'आप्पा, हत्ती जाईल की!'

'जाऊ दे. मागं जा. परत ये.'

मी मागं गेले. उंबऱ्याबाहेर उभी राहिले, परत आत आले आणि मराठीत म्हटलं, हत्ती आला. तुम्ही म्हणालात, 'हां, आता चल, दाखव.' हात धुऊन आपण बाहेर आलो तर गल्लीत नुसतं शेण पडलेलं. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. तुम्ही नाही हसलात. आणि मग मज पापनाशमला दिलीत तेव्हा निघताना हातात काय ठेवलंत? बाकीच्या मुलींस बाप वाटी देतो, नथ देतो. तुम्ही चपला दिल्यात. त्या काळी आम्ही मुली अनवाणीच फिरायचो, मज त्यांचा अंगठा कसा घालायचा तेही कळेना. तुम्ही म्हणालात, 'चप्पल घालायला नसते गो, काढायला असते. तिथंही दाराशी काढ, म्हणजे आठवेल.' सासरी सगळे हसले. पण आठवलं, आप्पा. रोज आठवलं.

आता तुमच्या पणतीबद्दल सांगते. माझ्या मुलाची मुलगी. मुलगा आणि सून कोइंबतूरला, दोघंही नोकरीवर, घरात त्यांची तमिळ. सून तमिळच, गुणाची आहे, तिला दोष नाही. यजमान गेल्यावर मी परत इथं तुमच्या घरी आले, तेव्हा पोर लहानपणीच माझ्याकडं आली आणि राहिली. ती शाळेत पहिली यायची, मग नर्सिंग शिकली, इथंच मोठ्या दवाखान्यात लागली. पांढरे बूट घालून जायची तेव्हा मी ओट्यावरून बघत बसायचे, वळणावर दिसेनाशी होईपर्यंत, आणि मग उगीच थोडा वेळ आणखी. इतकी शहाणी पोर आणि भाजीत मीठ विसरते. या घरात उरलेली ती एकटीच, जिच्याशी मी आत येऊन बोलायचे. बाकी सगळे गेले किंवा विसरले. तिला आयर्लंडला जायचं होतं. तिथं नर्सेस कमी आहेत म्हणे, म्हातारे फार. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा, आणि ती काही आपल्या शाळेतली नव्हे. 'गुड', 'सॅड', 'बिग' असं बोललं तर तिथं विचारत नाहीत. शिकवणीची बाई म्हणायची, एकच गोष्ट सांगायला तुमच्याकडं दहा शब्द हवेत, आणि दहांतला नेमका कुठला ते कळायला हवं.

पोर वैतागली. म्हणाली, 'आजी, सगळ्यांचा अर्थ एकच, दुःखी. पण एक वापरला तर बाई म्हणते जास्त झाला, दुसरा वापरला तर म्हणते कमी पडला. कसं कळायचं?' आम्ही ओट्यावर बसलो होतो, कारण इंग्रजी बाहेरचीच, नियम नियम आहे. समोरून विड्याच्या पानांची टोपली चालली होती. मज तुमची मांडी आठवली. ओलं गोणपाट पसरून तुम्ही पानं निवडायचा, देठाकडून टोकाकडं अंगठा फिरवत, डोळे भलतीकडंच. कोवळं एका बाजूस, मधलं मध्ये, जून पलीकडं. मज मांडीवर घेऊन माझा अंगठा पानावरून फिरवायचा. डोळ्यांनी नको, म्हणायचा, डोळे सगळ्यास हिरवंच म्हणतात.

मी तिला म्हटलं, 'मज अर्थ सांगू नकोस. कोवळं का जून, तेवढं सांग.'

मग काय मजा आली, आप्पा! ती एक शब्द म्हणायची, कोण कधी तसं असतं ते सांगायची, मी म्हणायचे कुठल्या ढिगात. 'ग्लूमी' म्हणजे आभाळ भरल्यासारखं तोंड. कोवळं. संध्याकाळपर्यंत जाईल. 'डिसहार्टन्ड' म्हणजे हात गळाले. मधलं. 'इनकन्सोलेबल' म्हणजे ज्याची समजूत कुणीच घालू शकत नाही. हे इतकं जून की दातास लागेल. मग आम्ही शब्दांस माणसं लावू लागलो. 'रेटिसंट', म्हणजे पोटातलं ओठावर न आणणारा. माझे यजमान! लग्नानंतर किती दिवस मज वाटत होतं, मुकेच आहेत. 'मेटिक्युलस', बारकाईनं काम करणारा. तुमचा अंगठा. ती विचारायची, 'आणि तुझ्या आप्पांस काय म्हणू? स्ट्रिक्ट?'

'कोवळं आहे ते.'

'ऑब्स्टिनेट?'

'म्हणजे?'

'हत्ती गेला तरी चालेल म्हणणारा.'

'हां! लाव. ते जून पान माझ्या आप्पांस लाव.'

गल्लीतल्या बायका विचारू लागल्या, म्हातारी इंग्रजी शिकते का? मी म्हटलं, मी नाही शिकत, मी निवडते. पण खरं सांगायचं तर मज फार सुख होतं ते. मेलेली माणसं एकेक करून ओट्यावर येऊन बसत होती, प्रत्येकाच्या गळ्यात एक इंग्रजी शब्द.

परीक्षेचा दिवस आला. ती त्रिचीला गेली. बोलायची परीक्षा वेगळ्या खोलीत, एकटीची, समोर एक बाई आणि टेबलावर आवाज धरून ठेवणारं यंत्र. आता पुढचं तिनं परत आल्यावर मज सांगितलेलं. खोलीच्या दाराशी पायपुसणं होतं, आत फरशी होती चकाकणारी, आपल्या माजघरासारखी लाल. तिनं चपला काढल्या. बाकी कुणी काढल्या नव्हत्या. अनवाणी आत जाऊन बसली. बाईनं इंग्रजीत विचारलं, घरी कोण कोण असतं? आणि ही पोर, आप्पा, हात मांडीवर ठेवून, खालच्या आवाजात, स्वच्छ मराठीत म्हणाली, 'आमच्या घरी मी आणि आजी.' आणखीही बोलली म्हणे, ओट्याबद्दल, विहिरीबद्दल. समोरच्या बाईचा चेहरा बघून मग थांबली. त्यानंतर तोंडातून धड वाक्यच निघालं नाही.

एरवी तिचं असं होत नाही. मैत्रिणीच्या घरी ती अनवाणी बसून तमिळच बोलते, दवाखान्यात बूट घालून तिन्ही भाषा. पण त्या दिवशी भ्याली होती. भ्यालेलं माणूस आपल्या घरात शिरतं.

ती परत आली, इथं या पायरीवर बसली आणि म्हणाली, 'आजी, शब्द सगळे बाहेर राहिले. चपलांपाशी.' मज हसू यायला हवं होतं. मी एरवी असल्या गोष्टीस खूप हसते. पण मज हसू आलं नाही, कारण मज तुम्ही दिसलात.

तुम्हांस तंजावरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा आई आधीच गेलेली, मी पापनाशमला. निरोप आला तशी मी उठले, हात पिठाचे होते, रेल्वेत बसल्यावर पुसले. मी पोचले तोवर तुमच्या तोंडावर चादर होती. खाटेखाली तुमच्या चपला, एकावर एक, कुणीतरी नीट ठेवलेल्या. तिथं एक नर्स होती, तमिळ मुलगी, माझ्याच वयाची असेल. ती म्हणाली, 'अम्मा, फार बोलत होते हो शेवटी. गोड बोलत होते, लहान मुलाशी बोलावं तसं. पण आम्हांस एक अक्षर कळलं नाही. ही कुठली भाषा?' मी विचारलं, काय म्हणत होते? तिनं आठवून बघितलं. खरंच बघितलं, डोळे मिटून. मग मान हलवली. म्हणाली, 'मी सगळ्यास हो म्हटलं.'

तिचा राग आला नाही कधी. उलट वाटतं, बरी होती, हो तरी म्हणाली. पण इतकी वर्षं मज एकच काटा टोचत राहिला, की तमिळ इतकी सुरेख येणारा माणूस, पाणी हवं तर पाणी मागता आलं असतं, डॉक्टर बोलवा म्हणता आलं असतं. का नाही बोललात? मी रागावले होते तुमच्यावर, आप्पा. मेलेल्यावर रागावू नये म्हणतात, पण रागावले होते. वाटलं, हट्ट. मरतानाही नियम सोडला नाही. ऑब्स्टिनेट.

आणि त्या दिवशी पायरीवर ती पोर रडत बसली, पायांत चपला नाहीत, आणि मज कळलं. तुमच्याही पायांतल्या चपला कुणीतरी काढल्या होत्या. खाली फरशी होती. तुम्ही नियम पाळत नव्हता. तुम्ही घरात होता. भ्याला होता आणि घरात शिरला होता, आणि घरात मी होते, लहान, तुमच्याशी बोलत. एवढंच झालं होतं. मग माझा राग कुठं गेला कुणास ठाऊक. त्याच्या जागी दुसरंच काही आलं, ते सगळ्यांत जून ढिगातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमचा फोटो भिंतीकडं फिरवला. (संध्याकाळी परत सरळ केला. एकटं वाटलं.) तिला म्हटलं, चपला बाहेर काढ आणि आत ये. ती आली. डांगर पचडीसाठी मी उडदाचं पीठ ताकात कालवत होते. म्हटलं, 'आता इंग्रजीत सांग, मी काय करते.'

'इथं?'

'इथंच.'

तिनं देवाच्या कोनाड्याकडं बघितलं. 'आजी, इथं येत नाही. जीभ वळत नाही.'

'वळव. आप्पांस मी बघून घेते.'

पहिल्या दिवशी ती चार वाक्यांत घामाघूम झाली. मग हळूहळू येऊ लागली. इंग्रजी चुलीपाशी आली, माजघरात आली, विहिरीवर आली, देवासमोर तेल घालतानाही आली. तुमच्या लाल फरशीवर अनवाणी उभी राहून ती तुमचीच गोष्ट सांगायची, पानांची, चुन्याची, हत्तीची, सगळी इंग्रजीत, एकेक पान नेमक्या ढिगातलं. मज कळायचं नाही, पण कुठं हसायचं ते कळायचं. आणि एक गोष्ट मी लक्षात घेतली, तिला सांगितली नाही. जसजशी ती आत इंग्रजी बोलू लागली, तसतशी आमची मराठी थोडी थोडी उठून गेली. मुद्दाम नव्हे. जागा लागते ना. पूर्वी ताट घेताना म्हणायची, 'मज वाढ गो.' ते थांबलं. मी मनात म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग परत येईल.

पुन्हा परीक्षा झाली. या खेपेस पास झाली, फार चांगल्या मार्कांनी. मी सगळ्या गल्लीत साखर वाटली, फाटकावरच्या भिकाऱ्यासही. तिरुभुवनमहून तिला रेशमी साडी आणली, तिथल्या थंडीत कोण नेसणार, पण आणली. जाताना तिनं उंबऱ्यावर वाकून नमस्कार केला, मग बूट घातले. मी म्हटलं, तिथं दाराशी काढत जा. ती म्हणाली, 'तिथं कुणी काढत नाही, आजी.' मग माझा चेहरा बघून म्हणाली, 'काढीन.'

हे सगळं आज का लिहिते, तर काल दुपारी तिचा फोन आला. तिच्या वॉर्डात एक म्हातारी आहे, कुठल्याशा देशातून तरुणपणी आलेली, साऱ्या आयुष्यात इंग्रजीच बोलली. आता आजारात इंग्रजी गेली तिची. आपल्या गावच्या भाषेत काहीतरी बोलते, हात पुढं करते, घाबरते. कुणास कळत नाही. तिच्या मुलीही येत नाहीत फारशा, त्यांसही ती भाषा येत नाही. पोर म्हणाली, 'आजी, मी सगळे शब्द काढून बघितले, जून, कोवळे, सगळे. एकही उपयोगी नाही.'

'मग काय केलंस?'

'तिच्याजवळ बसले. आणि आपल्या भाषेत बोलले.'

'काय बोललीस?'

'काहीही. आज डांगर पचडी केली. हत्ती आला. मज वाढ गो. ती ऐकत होती. मग तिनं माझा हात धरला आणि तीही बोलायला लागली, तिच्या भाषेत. किती वेळ आम्ही दोघी बोलत होतो. मग निजली.'

मी फोन ठेवला आणि तुमच्या फोटोपुढं येऊन बसले. आप्पा, तुमच्या खाटेपाशी ती मुलगी हो म्हणाली, ते खूप होतं. पण तुमच्याच घरातलं कुणीतरी दुसऱ्या कुणाच्या खाटेपाशी बसून उत्तर देत आहे, हे तुम्हांस कळायला हवं होतं. म्हणून लिहिलं. तुम्ही काय म्हणत होता ते मज कधीच कळणार नाही. ती म्हातारी काय म्हणते ते पोरीसही कळणार नाही. पण बोलणं झालं.

हे पत्र पाठवायचं कुठं? तुमच्या फोटोमागं ठेवते, तिथं पाल राहते, ती वाचील. फक्त एक सांगायचं राहिलं, ते तुमच्याशिवाय कुणास सांगण्यात अर्थ नाही. आज सकाळी मी ओट्यावर शेजारणीशी बोलत होते, ती गेली, मी आत आले, आणि तमिळमध्येच काहीतरी पुटपुटत गॅसच्या चुलीपर्यंत पोचले. दुधाचं काहीतरी. काडी ओढली तेव्हा कानांनी ऐकलं. घरात कुणी नव्हतं, कुणी अडवलं नाही. मी गॅस बंद केला. मागं गेले. उंबऱ्याबाहेर जाऊन चपला घातल्या, काढल्या, आणि परत आले.